मदत हवी आहे: झाडं वाचवायला शांतपणे बसलेल्यांना अटक झाली तर जामिनाची तयारी काय ठेवावी?

रानवाटा:
नमस्कार. रस्ता रुंदीकरणात आमच्याकडचे जुने वड तोडायचे घाटते आहे. पुढच्या शनिवारी झाडांखाली मूक धरणं आहे. साधारण 40 जण येतील, त्यात कॉलेजची मुलं आणि साठीपुढच्या 6 बायका. पण मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठीची झाडतोड अडवताना 29 जण थेट कोठडीत गेले होते, त्यामुळे घरोघरी धास्ती आहे. दोघांना पोलिसांची 149 ची नोटीसही आली आहे. ती घ्यावी का? कागद कोणते जमवावेत?

करवंद:
नोटीस घ्या, सही करताना तारीख आणि वेळ घाला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 149 म्हणजे आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 168. ही नुसती समज आहे, गुन्हा नव्हे. मात्र पुढे "समज देऊनही जमले" असं लिहायला तिचाच आधार घेतात. म्हणून उत्तर लेखी द्या: धरणं मूक आहे, जागा अमुक, वेळ अमुक, वाहतूक अडवणार नाही. पोच म्हणून शिक्का घ्या. त्या दिवशी पोलीस कायद्याच्या 37 (3) चा किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 चा (जुनं 144) जमावबंदी आदेश लागू आहे का, तेही आधीच बघा.

आता आरेचं. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. नुसत्या जमावबंदीचं कलम असतं तर मुलं पोलीस ठाण्यातूनच सुटली असती. घोडं अडलं ते जुन्या दंड संहितेच्या 353 वर, सरकारी कामात बळाने अडथळा. ते अजामीनपात्र, म्हणजे जामीन ठाण्यात नाही, कोर्टातच. रविवारी 7000 रुपयांच्या जातमुचलक्यावर (स्वतःच्या हमीपत्रावर) जामीन झाला. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2141 झाडं पडली होती. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

353 ची जागा आता न्याय संहितेच्या 132 ने घेतली आहे, तेही अजामीनपात्रच. पोलीस उचलायला आले की अंग सैल सोडा. हात झटकू नका, बॅरिकेडला किंवा वर्दीला हात लावू नका. दोघांनी लांब उभं राहून सलग चित्रण करावं. तुकडे जोडलेली फीत कोर्टात कमी पडते, मूळ फाइल जपा.

132 ची शिक्षा 7 वर्षांच्या आतली आहे. त्यामुळे आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या 35 (3) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावणं अपेक्षित असतं, अटकच का लागली ते पोलिसांना सांगावं लागतं. अशा गुन्ह्यात सरसकट अटक नको, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल (2014) वकिलांच्या हाताशी ठेवा, रिमांडला (कोठडीच्या सुनावणीला) पहिला मुद्दा हाच. अटकेची कारणं लेखी मागा.

आणि वेळ टिपा. मुलं सकाळी 7 पासून बाकावर बसलेली असतात, कागदावर अटक रात्री 10 ची पडते. कोर्टापुढे हजर करायचे 24 तास कधीपासून मोजायचे ते यावरच ठरतं. गाडीचा नंबर, उचलल्याची वेळ, कोणत्या ठाण्यात नेलं, हे बाहेरच्या एकाने वहीत लिहीत राहावं.

तुमचा दिवस शनिवार आहे म्हणून सांगतो, सुट्टीच्या कोर्टात रिमांडला कोणते न्यायाधीश आहेत ते शुक्रवारीच विचारून ठेवा.

सातबारा_उतारा:
कागदांचं मी सांगते. प्रत्येकाच्या दोन फोटोंबरोबर आधारची प्रत. आधारवरचं नाव जसंच्या तसं लिहून खिशात चिठ्ठी ठेवा आणि ठाण्यात तेच सांगा. फिर्यादीत "सुनिता" आणि आधारवर "सुनीता" एवढ्याशा फरकावर सुटकेचा कागद परत येतो.

जामीनदार 40 लागतील असं धरू नका, पण 8-10 तयार हवेत. प्रत्येकाचं आधार, पॅन, रेशनकार्ड, नोकरदाराच्या 3 महिन्यांच्या पगारपावत्या, नसतील तर घरपट्टीची पावती किंवा ताजा सातबारा. काही कोर्टं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात आणि तो एका दिवसात मिळत नाही. म्हणून अर्जातच तात्पुरत्या रोख जामिनाची मागणी घाला, जामीनदार नंतर देता येतो. रोख रक्कम एका जबाबदार माणसाकडे ठेवा.

आदेश झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. तुरुंगाच्या दाराशी सुटकेचे आदेश टाकायची जामीन पेटी असते. ती संध्याकाळी शेवटची उघडल्यावर कागद पडला तर आणखी एक रात्र आत. आदेशाची प्रत घेऊन निघणारा माणूस आणि गाडी आधीच ठरवा.

बायकांना आणि कोठडीतल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. विधी सेवेचा नंबर 15100. सूर्यास्तानंतर बायकांना अटक करायला न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. मार लागला असेल तर "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असं न्यायाधीश विचारतात तेव्हाच सांगायचं. तिथे "नाही" म्हटलं की ते नोंदलं जातं.

रानवाटा:
ताई, दादा, खूप आभार. आरेच्या जामिनात पुढच्या आंदोलनाला मनाई होती ना? तशी अट घातली तर?

करवंद:
होती. म्हणून अट ऐकताना वकिलांनी तिथल्या तिथे म्हणावं की बंदी असलीच तर त्या जागेपुरती, खटला चालेपर्यंत. सरसकट अट पडलीच तर मोडू नका, जामीन रद्द होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या 483 खाली सत्र न्यायालयात ती सैल करून घ्या.

मुलांच्या पालकांना एक आधीच सांगा. "गुन्हे मागे घेतले" अशी घोषणा झाली तरी खटला लगेच संपत नाही. सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची संमती होईपर्यंत तो प्रलंबितच, आणि प्रलंबित खटल्यात पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते. घोषणेनंतर दर तारखेला वकिलामार्फत तो अर्ज दाखल झाला का, ते विचारत राहा.