मदत हवी: पीयूसीतल्या (अकरावी-बारावी) भाच्याला लिहिणं-वाचणं जड जातंय, कॉलेजात नेमकं कुणाला भेटायचं?

जांबोटीमामा:
नमस्कार मंडळी. भाचा बेळगावातल्या एका पीयू कॉलेजात फर्स्ट इयर कॉमर्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घर जांबोटीच्या बाजूला, रोज बसने ये-जा.

पोरगं हुशार आहे, आणि हे मी मामा म्हणून म्हणत नाही. एपीएमसीत रताळ्याची पोती उतरली की अडत, हमाली कापून हातात किती पडणार हे तो दाजींच्या आधी तोंडी सांगतो. तेच कागदावर मांड म्हटलं की गाडी अडते. 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध'. इंग्रजीत 'डेबिट' हा एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला मी स्वतः बघितलाय. प्रश्न वाचून दाखवला तर उत्तर बिनचूक! हायस्कुलात "अक्षर सुधार, आळस सोड" यापलीकडे कुणी काही बोललं नाही. आता कॉलेजच्या एका मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, हा डिस्लेक्सिया असू शकतो, तपासून घ्या.

ऑफिसात गेलो तर पहिला प्रश्न, "स्कॉलरशिप का?" नाही म्हटल्यावर पुढे काय सांगावं ते त्यांनाच कळेना. बोर्डावर समुपदेशन, तक्रार निवारण, अँटी-रॅगिंग सगळ्या समित्या टांगलेल्या आहेत, पण नोटिसा कन्नडात आणि माझं कन्नड बाजारापुरतं. भाच्याला "तू वाच" म्हणणं तर जखमेवर मीठच.

दाखला कुठे मिळतो? परीक्षेत काय सवलत मिळते? आणि हे कॉलेजने करायचं की आम्ही?

मच्छेची_आई:
भाऊ, माझी लेक याच वाटेने गेलीय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता येते, म्हणजे डिस्लेक्सियाही आला. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांचं ओळखपत्र आणि दाखला) अर्ज भरा, त्यात तपासणीसाठी हॉस्पिटल निवडावं लागतं. सिव्हिलला जाण्याआधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठल्या वारी बसतात ते विचारून घ्या, नाहीतर दाजींची मजुरी बुडते. आधी बुद्ध्यांक बघतात, मग वाचन-लेखन-गणिताची, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने ठरवलेली चाचणी. एका बैठकीत उरकत नाही. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, त्या खोडाखोडीच्या पानांनीच आमचं काम सोपं केलं. आणि हो, आत्ता दाखला मिळाला तरी अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते.

कडोलीकर:
कशाला शिक्का मारून घेताय पोरावर? चांगली ट्यूशन लावा, होईल सगळं.

मच्छेची_आई:
ट्यूशन आम्हीही लावली होती, दोन वर्षं. पैसे गेले आणि पोरीने पुस्तकाचा धसकाच घेतला. शिक्का "आळशी" म्हणून आधीच बसलेला असतो हो.

माजी_लेक्चरर:
मामा, तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. दाखला तुम्ही काढायचा, परीक्षेचा अर्ज कॉलेजमार्फत जायचा. प्राचार्यांच्या नावे साधं पत्र लिहा, मॅडमचं निरीक्षण सोबत जोडा आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी विनंतीची फाईल होत नसते. कॉलेजात अडलंच तर बेळगावला पीयू खात्याच्या उपसंचालकांचं ऑफिस आहे (चिकोडीकडच्यांचं वेगळं). सेकंड पीयूच्या बोर्डाच्या परीक्षेला अवकाश आहे म्हणून थांबू नका. कॉलेजच्या टेस्टमध्ये जादा वेळ द्यायला प्राचार्यांनी मनावर घेतलं तर पुरतं.

सवलतीचं म्हणाल तर केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. रायटरही, म्हणजे पोरगं सांगेल ते पेपरात लिहून देणारा, मिळू शकतो. दाखल्यावर दिव्यांगत्वाचा आकडा 40 टक्क्यांच्या खाली आला तरी खचू नका. यूपीएससीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलंय, रायटरसाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने अशांसाठी वेगळी तत्त्वंही काढली.

खानापूर_स्टँड:
ऑफिसवाल्यांनी स्कॉलरशिपचा विषय काढलाच आहे तर तेही उरकून टाका. एसएसपी पोर्टलला (राज्याचं स्कॉलरशिपचं) नाडकचेरीतून, म्हणजे महसुलाच्या स्थानिक ऑफिसातून, काढलेल्या जात आणि उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो. खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत, आमच्या गल्लीत निम्म्या पोरांचं तिथेच अडतं. बसपाससाठी सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज. फुकट बसप्रवासाची शक्ती योजना बायका-मुलींना, तुमच्या भाच्याला उपयोग नाही!

जांबोटीमामा:
सगळ्यांचे आभार. काल त्याच्याशी बोललो. रायटर नको म्हणतो, "दुसऱ्याने लिहिलेला पेपर माझा कसा?" नुसता वेळ वाढवून मिळतो का? शिवाय हल्ली टेस्टच्या आदल्या रात्री जेवत नाही, ताई काळजीत आहे.

माजी_लेक्चरर:
मिळतो. रायटर न घेणाऱ्यालाही जादा वेळेची तरतूद त्याच 2018 च्या तत्त्वांत आहे. पत्रात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर रायटरचा फॉर्म हातात देतील.

मच्छेची_आई:
जेवणाचं हलक्यात घेऊ नका. 14416, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. फोन फुकट आहे. ताईंनाच आधी बोलू दे, पोरगं मागून बोलेल. आणि पत्र मराठीत लिहिलंत तर खाली कन्नड प्रत जोडा, टेबलावर पडून राहणार नाही. मजकूर पाठवा, कन्नड मी करून देते.