'इंडिजिनस'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'सॉलिडॅरिटी'ला?

प्रश्न: आम्ही कॅनडात विनिपेगला असतो. ३० सप्टेंबरला इथे निवासी शाळांत डांबलेल्या 'इंडिजिनस', म्हणजे इथल्या मूळच्या समाजांच्या, मुलांच्या आठवणीत नारिंगी शर्ट घालून लोक चालतात. यंदा आपलं मराठी मंडळही जाणार आहे आणि मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या खर्ड्यात 'मूळ इंडियन' लिहिलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे आपणच की!" तसा इथला १८७६चा कायदा आजही 'इंडियन ॲक्ट'च आहे म्हणा. मथळा असा आहे: 'आदिवासी व इतरांचे वर्णद्वेषाविरुद्ध ऐक्य'. बरोबर आहे का?

प्रतिसाद १: 'आदिवासी' चूक नाही, पण आपल्या डोळ्यांपुढे लगेच जव्हार-मोखाडा उभं राहतं. 'भूमिपुत्र' चालेल?

प्रतिसाद २: भूमिपुत्र अजिबात नको. गोव्यात २०२१च्या विधेयकाने तीस वर्षं राहिलेल्या कुणालाही भूमिपुत्र ठरवलं होतं. गावडा, कुणबी, वेळीप समाज भडकले आणि तो शब्द मागे घ्यावा लागला. तिथल्या समाजांची सरळ नावं लिहा: अनिशिनाबे, क्री, मेती. आपल्याला कुणी नुसतं 'आशियाई' म्हटलं तर आवडतं का? आणि 'वर्णद्वेष' वाचून निम्मे लोक चातुर्वर्ण्यावर घसरतील. 'वंशद्वेष' करा.

प्रतिसाद ३: माझी हरकत 'ऐक्य'ला आहे. ऐक्य म्हणजे एक होऊन जाणं. त्या शाळांनी नेमकं तेच केलं. मूल दारातून आत आलं की वेणी कापायची, घरची भाषा बोललं की मार. त्यांना मिसळवून टाकायचं होतं. 'एकजूट' बरा. जटाजूटातला जूट आठवा: बटा वेगळ्याच असतात, पेड एक होतो. शिवाय कामगारांच्या घोषणांमुळे शब्द तोंडात बसलेला आहे.

प्रतिसाद १: मग 'ॲलाय' म्हणजे पाठीराखे?

प्रतिसाद ३: पाठीराखा देव असतो हो. आपण कालपरवा येऊन त्यांच्याच जमिनीवर घरं घेतली. 'सोबत' म्हणा, पुरे.

प्रश्नकर्ता: मथळा ठरला: 'अनिशिनाबे, क्री, मेती यांच्या सोबत: वंशद्वेषाविरुद्ध एकजूट'. 'व इतरांचे' गाळलं, पत्रक आपलंच आहे. आता एकच काम उरलंय. यादीत कुणीतरी 'भगवे शर्ट' लिहून ठेवलंय, ते आधी 'नारिंगी' करतो. नाहीतर लोक फेटे बांधून यायचे.