'ड्रेन'ला मराठीत काय म्हणायचं?

'ड्रेन'ला एकच मराठी प्रतिशब्द शोधायला गेलं की फसगत होते. कोशात निचरा, गटार, मोरी, नाली असे शब्द ओळीने मिळतात. मी मात्र आधी एवढंच बघतो: काय जातंय, काय राहतंय, आणि हवं आहे ते कोणतं?

कोकणात भात 'वेळतात'. तांदूळ शिजले की टोपाच्या तोंडावर वेळणी दाबून धरायची, टोप कलता करायचा, पेज खालच्या भांड्यात उतरते. ती टाकून देत नाहीत, मीठ घालून पितात. म्हणजे वेळण्यात वाया काहीच जात नाही. पाककृतींच्या अनुवादात 'पाणी काढून टाका' वाचलं की मला हा नेमका शब्द आठवतो आणि हळहळ वाटते. धुतलेली कोथिंबीर चाळणीत निथळत ठेवतात, चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. कपडेही निथळतात आणि कपड्यांतलं पाणीही निथळतं. दोन्ही कर्ते चालतात, अगदी इंग्रजीसारखे.

शेतात 'निचरा'. तिथे पाणी जायलाच हवं. शिरोळ तालुक्यात उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनींत सच्छिद्र पाइप पुरतात, ते निचऱ्यासाठीच. इंग्रजी शब्दाचं मूळही कोरडं करण्यातच आहे. 'ड्राय'चंच ते भावंड.

'ड्रेनेज' मात्र आपल्याकडे सांडपाण्यापुरतंच उरलं. 'ड्रेनेज तुंबलं' हे सगळ्यांना कळतं, पण भूगोलात त्याच शब्दासाठी जलप्रणाली म्हणावं लागतं. बॅटरी उतरते, माणूस गळून जातो. इंग्रजाची मेहनत गटारात जाते, आपली पाण्यात.

खरी अडचण दादाभाई नौरोजींच्या 'ड्रेन'ची. 2 मे 1867 रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. इथल्या महसुलातून गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनी आणि लंडनच्या कारभाराचा खर्च निघत होता, आणि त्या बदल्यात देशाला काही परत मिळत नव्हतं. याला मराठीत 'आर्थिक निःसारण' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. निःसारण म्हटलं की नगरपालिकेचं मलनिःसारण आठवतं, म्हणजे नको असलेलं बाहेर घालवणं. दादाभाई बोलत होते ते देशाला हव्या असलेल्या पैशाबद्दल, आणि तो आपोआप वाहून जात नव्हता, कोणीतरी नेत होतं. म्हणून मी 'संपत्तीचा उपसा' म्हणेन. वाळूचा उपसा म्हटल्यावर उपसणाराही डोळ्यांपुढे येतो.

'ब्रेन ड्रेन'ला मात्र उपसा चालणार नाही, कारण तिथे माणसं आपणहून जातात. शाळेतून मुलं कमी होत जातात त्याला आपण 'गळती' म्हणतोच. तोच शब्द मला तिथे जवळचा वाटतो.