व्यावसायिक शेफ व्हायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

चिपळूणची_लेक:

नमस्कार. मी २३ वर्षांची असून बी.कॉम. झाल्यावर गेले वर्षभर एका दुकानाचे हिशेब सांभाळते आहे. घरचा स्वयंपाक बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि पुढे हेच काम पोटापाण्यासाठी करावे, असे मनापासून वाटते. मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या साखरपुड्यात ६० माणसांसाठी मटकीची उसळ करण्याची जबाबदारी मी हौसेने घेतली. घरी सहा जणांना जे प्रमाण लागते त्याला सरळ दहाने गुणले. उसळ पाणचट झाली, तरीही तिखट इतके की लहान मुलांनी ताटे बाजूला सारली. शिवाय तळाची मटकी गाळ झाली होती आणि वरची दाताखाली कचकचत होती. माझे कोठे चुकले? आणि या व्यवसायात शिरायचे तर आधी अभ्यासक्रम करावा की थेट एखाद्या किचनमध्ये कामाला लागावे?

भट्टीपाशी_अठरा_वर्षे:

आधी उसळीचे सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. पाण्याची वाफ भांड्याच्या वरच्या उघड्या भागातून होते. पदार्थ दहापट झाला तरी पातेल्याचे तोंड दहापट मोठे होत नाही, म्हणून तितकी वाफ जात नाही आणि दहापट घातलेले पाणी भांड्यातच राहते. मोठ्या प्रमाणाला पाणी सुरुवातीला हात राखून घालावे आणि लागेल तसे उकळते पाणी वाढवावे. तिखट आणि गरम मसाला सहा-सात पटींवर थांबवून चव पाहावी आणि मग पुढे जावे. मीठ मात्र वजनाने घालता येते: तयार पदार्थाच्या एक किलोला सुमारे १० ग्रॅम धरले की फारसे चुकत नाही. मटकी उंच टोपात शिजवली असेल, तर तळच्या थराला वरचा भार आणि जास्त आच असे दोन्ही सोसावे लागले. ती पसरट भांड्यांत दोन घाण्यांत शिजवायला हवी होती.

घरी हाताच्या अंदाजाने साधलेली चव आज दुपारी, उद्या रात्री आणि तुमच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या हातूनही तशीच येणे, याला मी व्यावसायिक स्वयंपाक मानतो. म्हणून पहिली खरेदी सुरीची नको, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या वजनकाट्याची करा. दुसरी खरेदी अन्नात खुपसायच्या थर्मामीटरची.

थर्मामीटरचा आग्रह का धरतो ते सांगतो. मी नवीन असताना एका हॉटेलात रात्री उरलेली वीस लिटर वरणाची डेग तशीच झाकून कोल्ड रूममध्ये ढकलली. सकाळी कडेचे वरण थंडगार होते, पण मध्ये हात घातला तर कोमट लागले, वर फेस आला होता आणि आंबूस वास येत होता. सगळे फेकून द्यावे लागले. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात आणि त्या डेगीचा मधला भाग रात्रभर नेमका त्याच पट्ट्यात होता. त्यानंतर उरलेले अन्न मी नेहमी उथळ ट्रेमध्ये ओतून, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून, दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणतो आणि मगच फ्रिजमध्ये ठेवतो. भाताबाबत तर अधिकच सावध राहा. त्यातील बॅसिलस सेरियस या जिवाणूची बीजे शिजवूनही तग धरतात आणि भात बाहेर राहिला तर त्यांच्यापासून तयार होणारे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

पाकशिक्षिका:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, अभ्यासक्रमांविषयी थोडी भर घालते. मुंबईत दादरला १९५४ साली सुरू झालेली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, गोव्यात पर्वरीला आहे आणि पुण्यात शिवाजीनगरला राज्य शासनाची आहे. तीन वर्षांच्या पदवीत किचनखेरीज सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिसही शिकावे लागते. तुमच्याकडे पदवी आहेच, त्यामुळे केवळ फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे स्वयंपाकाचाच, दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स किंवा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड तुम्हाला जास्त सोयीचा ठरेल, असे माझे मत आहे. दोन्हींना दहावी पुरते. २३ हे वय उशिराचे मुळीच नाही.

किचनमध्ये भरती कॉमी, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा स्वयंपाकी, म्हणून होते; तेथून डेमी शेफ, शेफ द पार्टी (एका विभागाचा प्रमुख), सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा उपप्रमुख) अशा पायऱ्या चढायच्या असतात. कामाची ही विभागणी फ्रान्सच्या ऑग्युस्त एस्कोफिए यांनी रुजवली. त्यांनी मांडलेले मूळ सॉस तोंडपाठ करण्यापेक्षा, मैदा लोण्यात परतला की सॉस का दाटतो आणि अंड्याचा बलक आणि लोण्याचा हॉलंडेज सॉस जास्त तापला की का फाटतो, हे समजून घ्या. आपल्याकडील पांढरी, मखनी आणि कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही यांनाही हेच लागू आहे: काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही मंद आचेवर सतत ढवळावी लागते, अन्यथा काजू तळाला बसून करपतो.

चिपळूणची_लेक:

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल घरच्या उसळीचे प्रत्येक जिन्नस प्रथमच वजन करून वहीत लिहिले. माझा एक चमचा तिखट म्हणजे कधी ४ ग्रॅम तर कधी ७ ग्रॅम निघाले! एक विचारायचे राहिले: हिशेब मला येतो, त्याचा किचनमध्ये काही उपयोग होईल का?

सांगलीची_केटरर:

पुष्कळ होईल, बाळ. चांगले हात असूनही हिशेबात बुडालेले केटरर मी जवळून पाहिले आहेत. मटार ६० रुपये किलोने आणलास आणि सोलून ४५० ग्रॅम दाणे निघाले, तर दाण्यांचा खरा भाव किलोला १३३ रुपये पडला. ताटाचा दर ठरवताना ६० धरलेस की तोटा तिथेच सुरू झाला. हॉटेलांत कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न असतो. निवडल्यावर, सोलल्यावर आणि शिजल्यावर किती उरते याची प्रत्येक जिनसासाठी नोंद ठेव.

कांद्यापासून सुरू कर. त्यात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असते, म्हणून दहा किलो कांदा उंच पातेल्यात घातला तर तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो आणि ग्रेव्हीला कच्चट गोडसर वास राहतो. रुंद कढई, मोठी आच, सुरुवातीलाच थोडे मीठ. पाणी आटतानाचा चर्र आवाज बदलला आणि तेल कडेने सुटू लागले की आच कमी कर, कारण तिथून पुढे कांदा पाहता पाहता करपतो. या लग्नसराईत आठ दिवस माझ्याकडे येऊन राहा. पहाटे चारला भट्टी पेटते, पहिले तीन दिवस कांदा चिरणे आणि भाजी निवडणे हेच काम असेल, आणि रोजची मजुरी इतर मुलींना देते तीच तुलाही देईन. वही आणि वजनकाटा बरोबर आण.