'स्वास्थ्य शिबिर' की 'आरोग्य शिबिर'? मला तरी हे स्वास्थ्य नको वाटतं

तापीकाठ_भुसावळ:
मंडळी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागलाय, 'निःशुल्क स्वास्थ्य जाँच शिबिर'. जाँचवरचा चंद्रबिंदूसुद्धा जसाच्या तसा. आई भाजी घेऊन येता येता थांबली, वाचलं आणि मला म्हणे, काय रे हे, स्वस्थ बसायचं शिबिर का? मी हसलो, पण नंतर वाटलं ती चुकली कुठे? मराठीत स्वस्थ म्हणजे निवांत, गप्प. पोरगं दंगा करायला लागलं की आपण 'स्वस्थ बस' म्हणतो, म्हणजे जाऊन बीपी तपासून घे असं नाही म्हणत. आपल्याकडे आरोग्य आहे, प्रकृती आहे, तब्येत आहे, काय कमी आहे? बुऱ्हाणपूर जवळ आहे, हिंदी कानावर पडणारच, पण म्हणून मोफत तपासणीची निःशुल्क जाँच कशाला करायची. माझं मत, हा शब्द मराठीत नकोच.

कळण्याची_भाकर:
साफ असहमत. स्वास्थ्य काय हिंदीवाल्यांनी घरी बनवलंय का? संस्कृत आहे, स्व अधिक स्थ, जो आपल्या ठिकाणी नीट आहे तो स्वस्थ. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाचं वर्णन आहे त्यात वात-पित्त-कफ हे दोष, पचनाचा अग्नी आणि शरीरातले धातू समतोल हवेत हे तर आहेच, पण आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न पाहिजे असंही आहे. आणि तुमचं आरोग्य? अ-रोग. रोग नाही, संपलं. जागतिक आरोग्य संघटनेची घटना 1948 ला लागू झाली, तिच्यात सरळ म्हटलंय की नुसता रोग नसणं म्हणजे हेल्थ नाही. मग कोणता शब्द जास्त बसतो सांगा. आणि मनःस्वास्थ्य मराठीत चालतंच की.

तापीकाठ_भुसावळ:
मनःस्वास्थ्य चालतं कारण तिथे अर्थ शांततेचाच आहे, म्हणजे माझाच मुद्दा झाला. आणि गंमत बघा, ज्या संघटनेचा दाखला देताय तिचं नाव लिहिताना तुमच्या बोटांनी आपोआप 'आरोग्य'च टाइप केलं, हाहा.

गिरणेचं_पाणी:
दोघांचंही थोडं चुकतंय. शब्द फोडून आत जे निघतं तोच आजचा अर्थ असं नसतं. रुग्ण घ्या. रुज् म्हणजे मोडणं, त्यावरून रुग्ण म्हणजे मोडलेला, रोग पण त्याच धातूचा. म्हणून रुग्णालय वाचताना कोणाला मोडक्यांचं घर आठवतं का? पण एक सांगतो, आमची चाळीसगावची आजी ताप भरायच्या आधी अहिराणीत म्हणायची, 'मन्हं आंग मोडी र्‍हायनं', म्हणजे माझं अंग मोडतंय. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, धातूबितू कुठून माहीत असणार, आणि तरी आजारपण म्हणजे मोडणं हे तिला बरोबर सापडलेलं, मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.
बाकी शुद्धतेचं म्हणाल तर भाऊ, तुमची तब्येत अरबी, आजार फारसी, दवाखान्यातला दवा अरबी आणि खाना फारसी, इस्पितळ पोर्तुगीजांचं. सगळ्यांना हाकललं तर मराठी माणसाला आजारी पडायची सोय राहणार नाही. तब्येतीचं तर उघड आहे, तबीब म्हणजे वैद्य, तो तपासतो ती तब्येत.

जुनी_वही_धुळे:
गिरणा भाऊ, शेवटचं तेवढं मागे घ्या. तबीब आणि तब्येत दिसतात भाऊभाऊ पण अरबीत दोघांचं मूळ वेगळं. तबीब वैद्यकीच्या शब्दातला, तब्येत 'छाप, ठसा' वाल्या शब्दातली. जन्माला येताना पडलेला ठसा म्हणजे स्वभाव, ती तब्येत. आता प्रकृती बघा, तीही मुळात स्वभावच. एक अरबी, एक संस्कृत, दोघी वेगवेगळ्या वाटेने चालत येऊन मराठीत एकाच ओट्यावर बसल्या. म्हणून तर भरीत-पुरी तब्येतीत खाल्ली म्हणतो, तिथे डॉक्टरचा काय संबंध?
डॉक्टरवरून आठवलं. वैद्य म्हणजे जाणणारा, हकीम म्हणजे शहाणा, डॉक्टर म्हणजे लॅटिनमध्ये शिकवणारा. तिघांतही 'बरं करणारा' कुठेच नाही, फी मात्र तिघांची.

रात्रपाळी_सिस्टर:
मी शिरपूरकडे नर्स आहे. तुमचं वाचून मजा आली पण वॉर्डात यातलं काही चालत नाही. केसपेपरवर रुग्ण छापलेलं असतं, आम्ही पेशंट म्हणतो, बाहेर बसलेली बाई 'मना धनी', म्हणजे माझा नवरा, म्हणते. हिवताप म्हटलं तर बघत बसतात, मलेरिया म्हटलं की लगेच कळतं. तो शब्द इटालियन, अर्थ खराब हवा. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस या डॉक्टरने डासाच्या पोटात त्याचे जंतू दाखवले, तरी नाव हवेचंच राहिलं आणि कोणाचं काही अडलं नाही. बोर्डावर पेशंटला कळेल ते लिहा, स्वास्थ्य कळत असेल तर स्वास्थ्य लिहा.
आणि शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकायची इच्छा, हे ट्रेनिंगला एका मॅडमनी सांगितलं होतं. दोन वॉर्ड एकटीवर असताना ऐकायची इच्छा कुठून आणू ते नव्हतं सांगितलं.

तापीकाठ_भुसावळ:
सिस्टर, कळतं म्हणूनच तर म्हणतोय, आईला नाही ना कळलं! आणि गिरणा भाऊ, मी परके शब्द हाकला म्हणालोच नाही. तब्येत आपल्या तोंडात झिजून आपली झाली, तबियत राहिली नाही. कामलाची कावीळ झाली, जसं ग्रामचं गाव. प्रतिश्यायचं पडसं झालं, आता कोण ओळखेल? हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळलेत. स्वास्थ्याचा हा नवा अर्थ मात्र फ्लेक्सच्या दुकानातून थेट खांबावर चढलाय.

कळण्याची_भाकर:
तब्येतपण कधीतरी पहिल्यांदाच आली असेल ना? तेव्हाही कोणाची तरी आई हसली असेल. पन्नास वर्षं थांबा.

तापीकाठ_भुसावळ:
पन्नास वर्षं जगायला आधी आरोग्य लागेल. असो. आई काल त्या शिबिराला जाऊन आली बरं का. बीपी वाढलेलं निघालं, मीठ आणि पापड कमी करायला सांगितलंय आणि दुपारी जरा स्वस्थ पडत जा म्हणाले. घरी येऊन मला म्हणते, बोर्डावर बरोबरच लिहिलं होतं.

केळीबाग_रावेर:
शिबिर संपलं का अजून आहे? वडिलांचे गुडघे दाखवायचे होते.