राज्य लॉटरी बंद करावी का? माझं मत, करावी

रंकाळावेस:
माझे वडील एसटी स्टँडजवळच्या टपरीवरनं दर आठवड्याला तिकीट घ्यायचे, वहीत शेवटचे चार आकडे उतरवून ठेवायचे आणि म्हणायचे, सातानं संपणारा नंबर लई दिवस आला नाही, आता येणारच. अहो पण मागच्या सोडतीचा पुढच्या सोडतीशी काडीचा संबंध नसतो, ठराविक चार आकडे जुळायची शक्यता दर वेळी १०,००० त एकच. कधी शंभर रुपये लागले तर त्याच टपरीवर परत तिकीट, ते पैसे घरापर्यंत कधी आलेच नाहीत. आईनं कसं भागवलं तिलाच ठाऊक. सरकारनं हे विकू नये.

गंगावेस_८२:
दादा, वाचून वाईट वाटलं. पण बंद करून काय होणार? १९६९ ला महाराष्ट्र राज्य लॉटरी आली तीच लोकांनी मटक्याकडं वळू नये म्हणून. मटक्यात बुकीनं हात वर केले तर दाद कुणाकडं मागायची? १९९८ च्या कायद्यानं एक आकडी लॉटरीला बंदी आहे, एका लॉटरीची आठवड्याला एकच सोडत. तिकीट बंद झालं म्हणून माणूस गप्प बसत नाही भावा, मोबाईलवर आकडा लावतो.

शाहूपुरीची_ताई:
मी हिशेबाचं काम करते म्हणून सांगते. समजा १ लाख लागले, तर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१,२०० गेले, हातात ६८,८००. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी हा कर लागतोच, आणि वर्षभर तिकिटांवर घातलेले पैसे त्यातनं वजा करता येत नाहीत. हे तिकीट घेताना कोण सांगतं?

लक्ष्मीपुरी:
माझा मामा पायानं अधू आहे, वीस वर्षं तिकिटं विकून दोन पोरं शिकवली त्यानं. बंद करा म्हणणाऱ्यांनी त्याच्या पोटाचं पण बोला की.

रंकाळावेस:
मामांबद्दल मनात काही नाही हो, टपरीवाल्यानं आम्हाला कधी फसवलं नाही. पण मटका वाईट म्हणून हे चांगलं, हे मला पटत नाही, आमच्या घरात दोन्हीचा परिणाम एकच झाला असता. बंद करायचं नसेल तर निदान तिकिटावर बक्षिसाच्या रकमेएवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, एकूण तिकिटं किती, पहिलं बक्षीस किती जणांना, आणि कर कापून हातात किती.