अनुभव धागा: मुंबईतली होस्टेलं आणि रजिस्टरमध्ये नसलेली माणसं

मुंबई विद्यापीठ 1857 चं. बाहेरगावची पोरं तेव्हापासून या शहरात शिकायला येताहेत आणि जागेची मारामारही तेवढीच जुनी. होस्टेलच्या आठवणी निघाल्या की आपण मेस, रेक्टर आणि गॅदरिंगबद्दल बोलतो. मला पॅरासाइटांबद्दल ऐकायचंय. यादीत नाव न लागल्यामुळे जे मित्राच्या खोलीत, दोन कॉटांमधल्या फरशीवर झोपून शिकले, त्यांच्याबद्दल. शब्द कानाला वाईट लागतो, पण आम्ही तो मायेनेच वापरायचो.

वडाळ्याचं सिद्धार्थ विहार होस्टेलच घ्या. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या चर्चा तिथल्या खोल्यांत झडायच्या. त्यात बसणारे सगळेच काही तिथले विद्यार्थी नव्हते. दार बंद ठेवलं असतं तर त्या चर्चा कुठे झाल्या असत्या?

तुम्ही पॅरासाइट होतात, की ठेवला होतात? लिहा.



1982. लालबागला दहा बाय बाराची खोली, माणसं नऊ. मी व्हीजेटीआयला टेक्स्टाइलचा डिप्लोमा करत होतो. 1887 ला भायखळ्यात सुरू होऊन 1923 ला माटुंग्यात आलेली ही संस्था. गिरण्यांना लागणारी माणसं तिने पिढ्यान्‌पिढ्या घडवली. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, त्यात माझे वडील. एप्रिलपर्यंत घरातली पितळेची भांडी मोडीत गेली आणि आई-वडील भावंडांना घेऊन चिपळूणकडे गावी निघून गेले. खोलीत काकांचं बिऱ्हाड आलं.

सांगलीचा वर्गमित्र म्हणाला, "वळकटी घेऊन ये."

दहा महिने त्याच्या कॉटखाली झोपलो. रेक्टर रात्री राउंडला यायचे, म्हणून माझ्या चपला दाराबाहेर कधी निघाल्या नाहीत. मेसमध्ये तो चार चपात्या जास्त घ्यायचा आणि रुमालात बांधून वर आणायचा. रविवारी रात्री मेस बंद, तेव्हा दोघांत एक पाव-मिसळ. हे त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. ज्या भोंग्यावर आमचं घर उठायचं तो बंद पडला होता, आणि मी दिवसा वर्गात मागाचे भाग पाठ करत होतो. पास झालो ते त्या चपात्यांवर.



परळला हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर होतो. खोली तिघांची, राहायचो पाच. पण पाचही जण एका वेळी खोलीत आहेत असं क्वचितच व्हायचं; एकाची ड्यूटी संपायची तेव्हा दुसऱ्याची सुरू. गादी कायम गरम.



26 जुलै 2005. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमचं मुलींचं होस्टेल माटुंग्याला. एरवी साडेआठनंतर गेटवर सही, कारण, घरचा फोन नंबर. आईसुद्धा खाली व्हिजिटर रूममध्येच बसायची. किंग्ज सर्कलला पाणी तुंबलं, लोकल थांबल्या आणि बायका रुळांवरून चालत येऊ लागल्या. वॉर्डनबाईंनी स्वतः गेट उघडलं. माझ्या खोलीत त्या रात्री सहा जणी होत्या. एक ठाण्याच्या शिक्षिका होत्या; घरी लहान मुलगा, फोन लागत नव्हता. आम्ही रात्रभर आळीपाळीने नंबर फिरवला. पहाटे लागला. त्या रडल्या, मग आम्ही सगळ्याच. रजिस्टरमध्ये त्या रात्रीचं पान कोरं आहे.



मी ठेवला होता. नांदेडचा, दोन दिवसांसाठी आलेला, चौदा महिने राहिला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. मला झोप लागावी म्हणून पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली बसून वाचायचा, पावसाळ्यात डास फोडून काढायचे तरी. निकाल लागला त्या दिवशी मी गावी होतो. परत आलो तर खोली झाडून स्वच्छ केलेली, माझी चादर धुऊन दोरीवर, आणि टेबलावर त्याच्या आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. डबा अजून आमच्या घरात आहे. बायको त्यात तीळ ठेवते.